क्रांतीला बघायला परीक्षक आले

कोडोलीच्या आकाराम चौगुल्याच्या थोरल्या पोरीने, क्रांतीने, विद्यापीठात बालशिक्षणाची पदवी घ्यायचं ठरवलं तेव्हा घरात कुणी रडलं नाही, सगळे हसले. रडले असते तर बरं झालं असतं. रडणाऱ्याची समजूत तरी काढता येते.

"पोरं सांभाळायला कालेज?" आजी धोंडुबाई म्हणाली. "मग मी नऊ वाढवली ती काय येड्यागत?"

"त्यातल्या चौघांना तुला अजून नावानं हाक मारता येत न्हाई," क्रांती म्हणाली, आणि पाठीत धपाटा खाऊन तिने कोल्हापूरची एसटी धरली.

पोरगी उंच, हाडापेराने मजबूत, आणि आवाज असा की हाक मारली तर वारणेपलीकडच्या म्हशीने मान वळवावी. लग्नाच्या बाजारात हा दोष. बालवाडीत हेच भांडवल. भिंतीवर रेघोट्या मारणारं मूल खरं तर लिहायला शिकत असतं, हे तिने पहिल्याच वर्षी घरी सांगितलं. आकाराम म्हणाला, "मग रंगाचा खर्च विद्यापीठाकडनं घेऊन ये."

शेवटच्या वर्षी शिरोळचं स्थळ आलं. ऊस, ट्रॅक्टर, आणि त्या ट्रॅक्टरवर स्वतःचंच नाव रंगवून घेतलेला मुलगा. बायको घरातच शोभते असं त्याचं मत होतं आणि ते तो न विचारता सांगायचा. इकडे कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या पाळणाघराने क्रांतीला शब्द दिला होता: पास व्हा आणि या. आकारामने निवाडा केला, "पास झालीस तर कागल. नापास झालीस तर शिरोळ. मधी थांबा न्हाय."

राहता राहिली प्रात्यक्षिक परीक्षा. ती कोल्हापुरातल्या एका बालवाडीत होती आणि त्या बालवाडीत सगळे राजेमहाराजेच भरलेले. सम्राट, पृथ्वीराज, ऋतुराज. हल्ली साधं नाव ठेवलं तर बारसं रद्द होतं की काय कोण जाणे. सम्राटाची चड्डी कायम ओली, पृथ्वीराजाचं नाक कायम वाहतं, आणि खरा राज्यकारभार संयोगिता नावाच्या साडेचार वर्षांच्या बाईच्या हातात.

क्रांतीने आकारांचा पाठ बसवला होता. पुठ्ठ्याचे गोल, त्रिकोण, चौकोन कापून ठेवलेले, पाठ टाचणात कुठल्या मिनिटाला काय म्हणायचं ते लिहिलेलं. सांगलीहून धैर्यशील देसाई नावाचे परीक्षक आले. कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल. खुर्चीत बसून त्यांनी सुरुवात केली.

"नाव?"

"क्रांती आकाराम चौगुले."

"गाव?"

"कोडोली."

"शिक्षण?"

"बालशिक्षण, शेवटचं वर्ष."

"बरं. जरा मुलांमधून चालून दाखवा. वर्गात वावरता कशा ते पाहू."

संयोगिताच्या मावशीला गेल्याच रविवारी बघून गेले होते. पोरीने सगळं डोळ्यांत साठवलेलं. ती ताडकन उठली आणि ओरडली, "टीचरला बघायला पावणं आल्यात!"

आत खाऊ करणाऱ्या मदतनीस झुंबरबाईंनी शहानिशा केली नाही. इस्त्रीचा शर्ट, खुर्ची, नाव, गाव, शिक्षण. एवढ्या पुराव्यावर आपल्याकडे लग्नं ठरतात. पोरांसाठी केलेल्या पोह्यांची पहिली बशी घेऊन त्या बाहेर आल्या. "घ्या पावणं. पोरगी गुणाची हाय. आवाज तेवढा हाय."

"अहो बाई, मी परीक्षक आहे!"

"बघायला येणारा सगळाच परीक्षक असतोय की!"

वर्ग उठला. आकार पायांखाली गेले. क्रांतीने एक आरोळी ठोकली असती तर सगळे चिडीचूप बसले असते आणि पाठ टाचणाबरहुकूम पार पडला असता. कागलचा रस्ता तोच दिसत होता. पण मुलांनी मांडलेला खेळ मोडायचा नाही, त्यात शिरायचं, हे तिला तीन वर्षं शिकवलं होतं. शिकवणारे हे फळ्यावर लिहितात. परीक्षेच्या दिवशी कुणी करत नाही. क्रांतीने ओढणी डोक्यावरून घेतली आणि चटईवर मांडी घातली.

"पोरीकडची माणसं कोण?"

"आमी!"

"मग विचारा की पावण्यांना."

संयोगिता पुढे सरकली. "तुमी काय करता?"

"शिकवतो," देसाई नाइलाजाने म्हणाले.

"कुणाला?"

"मोठ्यांना."

"का? बारकी ऐकत न्हाईत तुमचं?"

पृथ्वीराजाने नाक ओढलं. "म्हशी किती?"

"एकही नाही."

"मग दूध?"

"पिशवीचं."

वर्गात सुतक पडलं. सम्राटाने दया येऊन आपल्या बशीतला शेंगदाणा पावण्यांच्या बशीत टाकला. तो आधी तोंडात जाऊन आला होता की नाही, याबद्दल दोन मतं आहेत. इतक्यात बशा कमी पडल्या. "आता गं काय करायचं?" क्रांती गालाला हात लावून बसली. ऋतुराजने पुठ्ठ्याचा गोल उचलून त्यावर पोहे घेतले. मग सगळ्यांनीच पुठ्ठे उचलले. त्रिकोणवाल्याचे सांडले, ते थेट देसाईंच्या पँटवर. "टोकावर ऱ्हात न्हाईत," त्याने सगळ्यांना बजावलं, आणि चौकोनासाठी मारामारी सुरू झाली.

शेवटी संयोगिताने निकाल दिला, तोही अगदी वरपक्षाच्या ठेक्यात. "बघतो. आमी कळवतो."

मुलं हात धुवायला गेल्यावर देसाई हळदीचा डाग चोळत म्हणाले, "टाचणातला पाठ झालाच नाही."

"न्हाई झाला, सर."

"मुलं आवरता आली नसती?"

"एका हाकेत आली असती. मग तुम्हाला मी दिसले असते, मुलं दिसली नसती."

"गुण कापावे लागतील."

"टाचणाचे कापा. मुलांचे कापू नका."

देसाई कंजूष होते, आंधळे नव्हते. त्यांनी टाचणाचे गुण मनापासून कापले आणि बाकीचे जिवावर आल्यासारखे दिले.

निकाल लागला. दुसरा वर्ग, पण पास.

आकाराम तोंडाचा फाटका, शब्दाचा पक्का. त्याने अंगणात उभं राहून, सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात शिरोळला फोन लावला. "पावणं, पोरगी न्हाय देता येत. न्हाय ओ, पळून कुठली जातीया! पास झाली न्हवं का!"

मग फोनवर हात ठेवून तो लेकीकडे वळला. "ते म्हंत्यात, पोरंच सांभाळायची तर आमच्या घरातली काय वाईट हुती?"

"पगार किती देणार ते विचारा," क्रांती म्हणाली, आणि कागलला सकाळची पहिली गाडी कधी आहे ते बघायला लागली.