माहे पाय धुतलेलेच हायेत

"माताजी, आप थक गई होंगी। ज़रा उधर बैठ जाइए।"

आजी थकलेली नव्हती. नुकतीच बसली होती. स्टेजवर आजी-आजोबांच्या खुर्च्यांची रांग होती आणि प्रत्येक खुर्चीपुढं एक पितळेची परात. आमच्या संगीतवाल्या मॅमनी आजीच्या दंडावरच्या पदराला दोन बोटं लावली. दंडाला नाही, पदराला. तिला उठवलं, पायऱ्या उतरवल्या आणि खाली पाण्याच्या कॅनजवळ एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिथं नेऊन बसवलं. वरची तिची खुर्ची कुणीतरी मागं ओढून घेतली. शेजारच्या खुर्च्या थोड्या थोड्या सरकल्या. रांग पुन्हा नीट दिसायला लागली.

"मले काहून उठवून राह्यले वो?" आजीनं खालून मला विचारलं. मोठ्यानंच. ती हळू बोलायला कधी शिकलीच नाही.

हे सांगताना मला अजूनही एका जागी बसवत नाही. उभी राहूनच सांगते.

मी तेव्हा दहावीत होते. लखनौच्या बाहेर, बख्शी का तालाबच्या पुढं, गव्हाच्या शेतांमध्ये ही निवासी शाळा. पप्पा हवाई दलात, अधिकारी नाहीत, सार्जंट. आधी तिथल्याच तळावर होते. मग बदली लांब झाली, मम्मी त्यांच्याबरोबर गेली आणि मला होस्टेलला ठेवलं. आमचं मूळ गाव वाशीमकडचं. आजी तिथंच राहायची, कापूस वेचायला जायची. पप्पांनी किती वेळा सांगितलं, माय आता बस कर. ती म्हणायची, बसून खाल्लं की पोट दुखतं.

महाराष्ट्रात आडनाव सांगितलं की समोरचा डोळ्यांनीच माप घेतो. लखनौत आमच्या आडनावाचं माप कुणाकडंच नव्हतं. "अच्छा, महाराष्ट्र से? अरे वाह, मराठा लोग!" एवढ्यावर गाडी थांबायची. गणपती आला की शाळा मला नऊवारी नेसवून पुढं उभी करायची. मी काही लपवलं नव्हतं. त्यांनीच परस्पर मला जात देऊन टाकली होती, आणि चांगली वरची दिली होती. उदार लोक!

तर शाळेत दरवर्षी दादा-दादी दिवस असायचा. त्यात चरण-वंदन. मुलांनी आजी-आजोबांचे पाय धुवायचे. पण शाळेची एक खास रीत होती, तिचा प्राचार्यांना फार अभिमान. आपल्या आजीचे पाय आपण धुवायचे नाहीत. दुसऱ्याच्या आजीचे धुवायचे. "यहाँ सब सबके दादा-दादी हैं," असं ते दरवर्षी माइकवर म्हणायचे आणि टाळ्या पडायच्या. पाय धुऊन झाले की त्या आजीनं त्या पोराला आपल्या हातानं पेढा भरवायचा. जोड्या आधीच ठरायच्या. माझ्या आजीच्या वाट्याला अनन्या आली होती, माझी रूममेट. माझ्या वाट्याला लखनौच्या महानगर नावाच्या भागात राहणाऱ्या एक दादी, कुण्या निवृत्त मोठ्या साहेबांच्या पत्नी.

मी आजीला फोनवर हे सगळं सांगितलं. ती आधी हसली. म्हणाली, आपल्यात असं पाय धुणं-बिणं काही नसते, पोरी, आपण कोणाच्या पायी पडत नाही आन कोणाले पाडतबी नाही. मग म्हणाली, "माह्या पायाले लय भेगा हायेत वो. त्या पोरीचे हात खरचटतील."

आणि मग रोज वजरीनं पाय घासायला बसली. काकू फोनवर सांगायची, माय वेड्यासारखी करून राहिली, अंगणात बसते अन पाय घासते. घासून झालं की खोबरेल. भेगांत काळी माती इतकी मुरलेली की ती सुईच्या टोकानं काढायची. मला खूप हसू यायचं तेव्हा. आनंदही व्हायचा. आख्खं आयुष्य ज्या पायांकडं कुणी बघितलं नाही, ते कुणीतरी धुणार होतं. तीच एक गोष्ट मला हवी होती त्या दिवशी. दुसरं काही नाही.

पप्पा रजा काढून तिला घेऊन आले. आजीनं पांढरं लुगडं नेसलेलं, निळ्या काठाचं. पायात नवी चप्पल, पट्ट्याची. बकल तिला लागत नव्हतं, पण तिनं कुणाला लावू दिलं नाही.

स्टेजवर चढताना सगळ्यांनी चप्पल-जोडे पायरीशी काढले. मग प्राचार्य एकेकापुढं माइक धरत गेले. नाव, गाव, मुलांना दोन शब्द. कुणी राधे-राधे म्हणालं, कुणी खुश रहो बच्चो. माइक आजीपुढं आला. तिनं हात जोडले आणि आयुष्यभर जे म्हणत आली तेच म्हणाली.

"जयभीम, लेकरांनो."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. प्राचार्यांचा हात माइकसकट पुढच्या खुर्चीकडं गेला, जरा जास्तच लवकर. आजीला वाटलं तिचं बोलायचं राहिलं, ती माइककडं बघत राहिली. पुढच्या रांगेत अनन्याची आई बसली होती. ती उठली, संगीतवाल्या मॅमच्या कानाला लागली. मॅमनी मान हलवली. एकदा आजीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. तीन वर्षं ज्या आडनावाचं माप मिळत नव्हतं, ते एका शब्दात मिळालं.

लखनौत माणसं अपमान करतानाही आप म्हणतात. आवाज चढवत नाहीत. त्यामुळं कळायला वेळ लागतो. कानाखाली बसलेली असते आणि आपण शुक्रिया म्हणत असतो.

आजीला खाली बसवल्यावर मॅम माझ्याकडं आल्या. मी त्या दादींपुढं गुडघ्यावर बसलेली, हातात पाण्याचा लोटा. मॅम वाकून गोड आवाजात म्हणाल्या, "तुम इनके धो लो बेटा, फिर नीचे जाकर अपनी दादी के खुद धो लेना। घर की बात है।"

घर की बात. बाकी सगळ्यांसाठी सब सबके. आमच्यासाठी घर की बात.

मी अनन्याकडं बघितलं. ती लोटा धरून उभी होती, समोर खुर्चीच नाही. तिला दुसऱ्या एका आजोबांकडं पाठवत होते. ही अनन्या माझ्या आजीनं पाठवलेला ठेचा बोटानं चाटून खायची. डोळ्यांतून पाणी यायचं, नाक गळायचं, तरी यार और दे ना करत डबा पुढं ओढायची. आजीच्याच हातचा ठेचा तो. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. लोटा घेऊन गेली आजोबांकडं. मला वाटलं होतं एक शब्द तरी बोलेल. त्या एका शब्दासाठी मी तिला सगळं माफ केलं असतं.

आणि मग मला पेढा दिसला. सगळ्या आज्यांनी पेढा हातात धरून ठेवला होता, भरवायला. माझ्या वाट्याच्या दादींनी त्यांचा पेढा कागदी रुमालावर ठेवून जमिनीवर, परातीच्या पलीकडं सरकवला होता. मघाशी तो त्यांच्या हातातच होता. मी बघितला होता.

पाय मात्र त्यांनी पुढं केलेलेच होते. गोरे, गुळगुळीत, जोडवी घातलेले. मी बसून राहिले तशा त्या मायेनं म्हणाल्या, "धो दो बेटा। तुम्हारा क्या कसूर है।"

म्हणजे कुणाचा तरी कसूर होता. आजीचा. ती जन्मली त्याचा.

माझे हात त्यांच्या पायांना चालत होते. त्यांच्या हाताला मात्र माझं तोंड चालत नव्हतं. एवढं सरळ होतं ते. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही, दुसरंच काहीतरी आलं. मी लोटा खाली ठेवला. जोरात नाही ठेवला, पण पितळच ते, वाजला. मी उभी राहिले.

"मैम, या तो मेरी आजी के पैर भी कोई धोएगा, या मैं किसी के नहीं धोऊँगी।"

मॅम म्हणाल्या, धीरे बोलो. प्राचार्य लांबूनच हातानं बस-बस करत होते. हॉलमध्ये पप्पा अर्धवट उठले होते आणि त्यांच्या डोळ्यांत मला राग नाही, भीती दिसली. गणवेशातला माणूस माझा बाप. विमानांच्या आवाजाला न घाबरणारा. तेही डोळ्यांनी मला बस म्हणत होते. मला त्या भीतीचा फार राग आला. त्यांचा नाही, भीतीचा.

मग खालून आजीचा आवाज आला. तिला हिंदी अर्धीमुर्धीच कळायची. पण हे कळायला हिंदी लागत नाही, ते तिला वाशीमलाच कळलेलं होतं.

"पोरी, उतर खाली. माहे पाय धुतलेलेच हायेत."

ती उठली. पायरीशी जाऊन चप्पल घालायला लागली. बकल काही लागेना. आख्खा हॉल बघत होता. तबला वाजवणाऱ्यांनी तबला थांबवला होता. मी धावत उतरले, तिच्या पायाशी वाकले.

"वाकू नको," ती म्हणाली. "मी लावतो." वऱ्हाडात बाया असंच बोलतात, लावतो, करतो. तिनं दोन्ही बकलं स्वतः लावली. तिला लागला तेवढा वेळ लागला आणि आम्ही सगळे थांबून राहिलो.

नंतर प्राचार्यांच्या खोलीत बसवलं. चहा आला. ते फार सभ्यपणे बोलले. गैरसमज झाला, माताजींच्या तब्येतीची काळजी होती, पण मुलीनं मंचावर जे केलं ते संस्कारात बसत नाही. सोमवारी प्रार्थनेला सगळ्यांसमोर माफी मागावी, विषय संपेल. पप्पा लगेच म्हणाले, "यस सर।" मग माझ्याकडं वळून, "सॉरी बोलून दे. विषय वाढवू नको."

आजीनं पप्पांना विचारलं, "कोनं काय केलं म्हून माफी?"

पप्पा कपातल्या चहाकडं बघत राहिले. आजीनं तिच्या चहाला हात लावला नाही.

बाहेर आल्यावर पप्पा म्हणाले, चल, दाखला काढतो, दुसरीकडं घालतो तुला. मी म्हटलं नाही. जायचं असेल तर शाळेतल्या त्या लोकांनी जावं, मी इथंच राहणार. पप्पा चिडले. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

सोमवारी मला माइकपुढं उभं केलं. मी माझं पूर्ण नाव सांगितलं. बापाचं नाव, आजीचं नाव, गाव, तालुका. मग म्हटलं, "जयभीम." आणि खाली उतरले. त्याच दिवशी माझ्या छातीवरचा हाउस कॅप्टनचा बिल्ला काढून घेतला. तो अनन्याला लावला. बारावी होईपर्यंत मी समोर येईल त्या शिक्षकाला नमस्तेऐवजी तेच म्हणत राहिले. एकानंही उलटून जयभीम म्हटलं नाही. मी काही उत्तरासाठी म्हणत नव्हते.

आता मी लखनौच्याच अमौसी विमानतळावर काउंटरला असते. दिवसभर उभी. लोक ओळखपत्र पुढं करतात आणि मी त्यांची पूर्ण नावं वाचते. कधीकधी एखादे दादाजी माझ्या छातीवरची पाटी वाचतात आणि मधाळ आवाजात विचारतात, बेटा, आप लोग कौन होते हैं? मी सांगते. मग त्यांची बॅग पट्ट्यावर टाकते. त्यांचा चेहरा बघत बसत नाही.

गेल्या आठवड्यात शाळेचा मेसेज आला. दादा-दादी दिवस. यंदा जुन्या विद्यार्थ्यांनीही आपल्या आजी-आजोबांना घेऊन यावं. चरण-वंदन होईल. शेवटी तेच वाक्य, सब सबके. मेसेज वाचला आणि माझं काउंटरवर लक्षच लागेना. दोनदा चुकीचं बोर्डिंग कार्ड दिलं. सुट्टी झाल्यावर बसस्टॉपवर येरझाऱ्या घालत आजीला फोन लावला.

ती आता फार थकली आहे, तरी वावरात जातेच. ऐकायला कमी येतं. मी ओरडून ओरडून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाव, येतो. मंग पाय घासाले बसू का?"

"नाही," मी म्हटलं. "वजरीला हात लावू नको. वावरातून येशील तसेच पाय आण, मातीसकट. पण चप्पल चांगली घाल. या वेळी आपण ती पायरीशी काढणार नाही. घालूनच वर चढणार."