मेलेल्या भारतची लेक

अंबाजोगाईच्या कोर्टाच्या पायऱ्या चढताना बंकटला स्वतःचीच किळस येते. यावीच. तेरा सालच्या दुष्काळात त्यानं जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं, असं म्हणायला मात्र जीभ रेटत न्हाई. जनावर वाचवायचं म्हटलं की आपली माणसं काय वाट्टेल ते करतात, अन् मग थोबाड लपवत फिरतात.

त्या साली माळावर चारा छावणी लागली. चालवायची गावची सोसायटी. सभासदाच्या नावाबिगर जनावराला दावण न्हाई; दावण न्हाई म्हणजे चारा न्हाई, पाणी न्हाई. बंकट धर्मापुरीकडचा मेंढका. मेंढरं आधीच विकलेली, उरल्या तीन गाई, अन् जमीन बोटभर न्हाई. हा कशाचा सभासद? पण त्याच्याबरोबर सत्यभामा राहत होती. तिचा नवरा भारत दहा सालीच विहिरीच्या कामावर दरड पडून मेला होता, पण सोसायटीच्या यादीत अजून जिता होता. सोसायटीला मेलेले सभासद लई आवडतात, ते सभेत तोंड उघडत न्हाईत. बंकटनं गाई भारतच्या नावावर बांधल्या.

दोघांना पाट लावायचा होता. पण सत्यभामाचा भाऊ बद्रीनाथ, युसूफ वडगावचा बागायतदार, मेंढक्याला दाजी म्हणायला तयार नव्हता. मग दोघं छावणीतच एका पालात बिनलग्नाची राहिली. सगळ्यांना ठाऊक होतं, अन् सगळेच ठाऊक नसल्यासारखं करत होते.

त्याच पालात मंजुळा जन्मली. चौथ्या दिवशी नर्सबाई जन्माची नोंद करायला आल्या. मागं सोसायटीचा क्लार्क उभा.

"बापाचं नाव?"

बंकटनं क्लार्ककडं बघितलं. खरं बोललो तर भारत मेल्याचं कागदावर येईल, अन् ह्यो इचारणार, मग गाई कुणाच्या? अन् हा गडी बोलला, "भारतच लावा. समदं त्येच्याच नावावर हाय."

सत्यभामानं बाजेवर पोर पदराखाली ओढून घेतली. क्लार्क दात काढून हसला. थू! चार दिवसांच्या लेकीला दावणीला बांधलं की ह्यानं!

छावणी उठली, तिघं गावात राहायला आली. पोर चार वर्षांची झाली, अंगणवाडीत जायला लागली. एक दिवस बाईंनी हाक मारली, "मंजुळा भारत!" अन् पोर "हजर" म्हणाली. दारात उभ्या बंकटच्या अंगाची आग झाली. घरी येऊन तणतणला तो सत्यभामावरच.

"मी लावलं व्हय ते नाव?" ती म्हणाली.

मग रोजचंच झालं. शेवटी तिनं पोर उचलली अन् भावाकडं निघून गेली.

बंकट मागं गेला तर बद्रीनाथ बांधावरच आडवा. "कागदावर तुजा काय संबंध हाय? पुन्यांदा मळ्यात दिसलास तर तंगड्या मोडीन." गावच्या पारावर चार शहाण्यांना सांगितलं, तर एकजण म्हणाला, "पोरगी त्येंला, गाई तुला. वाटणी झाली की!" बाकीचे खो खो हसले. असल्या तोंडांत शेण घालावं तरी शेणाचीच कीव येईल.

सात महिने लेक दिसली न्हाई. मग त्यानं अंबाजोगाईची वकीलबाई गाठली.

बाईंनी सरळ सांगितलं, "लग्न झालेलं नाही, म्हणून कायद्यानं पहिली पालक आई, मग तुम्ही. ताबा मिळणं अवघड. पण भेटायचा हक्क मागता येतो. अर्ज करू. कोर्ट बघतं ते लेकराचं भलं. आधी बाप तुम्हीच, हे दाखवावं लागेल. तिनं नाकारलं तर डीएनए तपासणी मागू. जन्माच्या दाखल्यावर हे दुसरं नाव कुणी लावलं?"

"म्याच," बंकट म्हणाला, अन् बाईंनी पेन खाली ठेवलं.

तारखांवर तारखा पडत दोन वर्षं गेली. शेवटच्या तारखेला बद्रीनाथनं बहिणीसाठी लावलेल्या वकिलानं जन्माचा दाखला पुढं केला. जज्जसाहेबांनी वकीलबाईंनी दिलेला भारतच्या मृत्यूचा दाखला शेजारी ठेवला. मेल्यावर तीन वर्षांनी बाप झालेला माणूस! मागच्या बाकांवर खसखस पिकली. बंकटला वाटलं, आता सत्यभामा न्हाई म्हणणार, अन् म्हणावंच तिनं.

"बाप ह्योच हाय, साहेब," ती म्हणाली. भावाकडं तिनं बघितलंसुद्धा न्हाई. "चौघांत सांगायची ह्येला लाज वाटली, एवढंच."

हुकूम झाला. पंधरा दिवसांतून एकदा, शनिवारी, कोर्टातल्याच खोलीत, आईसमोर, एक तास.

पहिल्या शनिवारी बंकट नवा सदरा घालून, हातात पेढ्याचा पुडा घेऊन तासभर आधीच येऊन बसला. मंजुळा आईचा पदर धरून आली. उंच झाली होती. खोलीत बद्रीनाथ होता, पट्टेवाला होता, दोन्ही वकील होते. पोरीनं बंकटकडं टक लावून बघितलं अन् विचारलं, "तुमी कोन?"

त्यानं बद्रीनाथकडं बघितलं. मग त्यानं सगळा जोर लावला.

"मी तुजा बाप हाय!"

एवढ्या जोरात, की बाहेरच्या व्हरांड्यातली माणसं दारात गोळा झाली. पोर किंचाळली अन् आईच्या कुशीत शिरली. सत्यभामा तिला थोपटत राहिली, बंकट लांबून हात जोडत राहिला, पण पोरीनं काही केल्या तोंड वर केलं न्हाई. तास संपला तसं पट्टेवाल्यानं सगळ्यांना बाहेर काढलं.