पालथा टोप

मी माणूस तसा खवचट. नोकरीत साहेबांच्या चुका काढल्या, निवृत्त झाल्यावर जगाच्या काढू लागलो. गिरगावातली खोली विकून उपनगरात, जेसल पार्कात राहायला आलो आणि मला नकाशाच्या अ‍ॅपवर तारे द्यायचा नाद लागला. इडलीवाला, न्हावी, दातांचा डॉक्टर, कोणाला सोडलं नाही. अ‍ॅपने मला कसलासा बिल्लाही दिला होता. बायकोला मी तो दोनदा दाखवला.

त्या सगळ्या काळात मी एकदाच मनापासून पाच तारे दिले, आणि त्या पाच ताऱ्यांनी एका बाईचं वाटोळं केलं.

आमच्याकडून जवळच्या पाली कोळीवाड्यात, समुद्राकडे जाणाऱ्या बोळात तिचं घर. पडवीत दोन बाकडी टाकून ती दुपारचं जेवण घालायची. नवऱ्याच्या बोटीला जे लागेल तेच रांधायची. मांदेली आली तर मांदेली, बोंबील आले तर बोंबील, सोबत तांदळाची भाकरी. बोर्ड नाही, नाव नाही. जेवायला खलाशी आणि जाळी विणणारे दोन-तीन म्हातारे. आम्ही शहरातले सगळे तिला आंटी म्हणायचो, म्हणजे मी एकटाच. जेवण संपलं की ती टोप घासून पायरीवर पालथा घालायची. तो दिसला की उशिरा आलेला माणूस काही न बोलता मागे फिरायचा. मला हे फार आवडलं.

आवडलं, तर गप्प बसावं ना. मी नकाशावर ती जागा टाकली, पडवीचा फोटो लावला, लांबलचक कौतुक लिहिलं. तिला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. भलं करतोय, त्यात विचारायचं काय, असा माझा रुबाब.

ते वाचून एक रीलवाली मुलगी आली, आणि तिच्यामागून गाड्या. रविवारी घरचे सगळे चर्चमध्ये मिस्साला गेलेले असताना लोक बंद दार ठोठावू लागले. सुरमई नाही म्हटलं की तोंड वाकडं. कोणीतरी टोपाचा फोटो टाकून लिहिलं, 'उद्धट बाई, गिऱ्हाईक बघून भांडं पालथं घालते.' एक तारा. त्याखाली आणखी एक-एक तारा.

मी चवताळलो. प्रत्येकाशी भांडत बसलो, आणि ते पुरलं नाही म्हणून शहाणपणा शिकवायला गेलो. आंटीला म्हटलं, थोडी सुरमई घरात ठेवा, कोणी रिकाम्या पोटी परत जाणार नाही. तिला रिक्षात घालून काशीमीऱ्याला बर्फातल्या मासळीच्या एका गोदामात मीच नेलं. फ्रीझरमधलं पाकीट तिने हातात फिरवलं, नाकाशी धरलं. जन्मात तिने मासा विकत घेतला नव्हता.

"याला वासच न्हाय," ती म्हणाली.

"आंटी, लोकांना चालतं हे," मी म्हणालो.

लोकांना चाललं नाही. शिळा मासा, फसवणूक, पालीत येऊन बर्फातलं खायचं का, असं लिहिलं गेलं. या वेळी ते खरं होतं. गर्दीत बसायला जागा मिळेना म्हणून खलाशी आधीच दुसरीकडे जेवू लागले होते. आता गाड्याही थांबल्या. बर्फातला मासा घरात आणला म्हणून नवरा तिच्याशी बोलेनासा झाला.

एका दुपारी तिने मला निरोप धाडून बोलावलं. लेकीचा मोबाइल तिच्या मांडीवर होता. लेकीने तिला सगळं वाचून दाखवलं होतं.

"तुमीच लिवलं ना? मंग तुमीच पुसा."

मी सांगितलं की मला फक्त माझंच पुसता येतं. ती म्हणाली, तेवढं तर पुसा. मी तिच्यासमोर पुसलं, आणि मग पान पाहिलं. तिच्याबद्दलचा एकच बरा शब्द तिथे होता, तो गेला. उरल्या त्या शिव्या. हे पान कसं घालवायचं ते कळेना, तेव्हा ही जागा 'कायमचं बंद' असं अ‍ॅपला कळवून टाकलं. दोन दिवसांनी अ‍ॅपने ते मान्य केलं आणि इतरांना मदत केल्याबद्दल माझे आभार मानले.

दोनेक महिन्यांनी राहवलं नाही म्हणून पालीला गेलो. बोळात शिरतानाच कालवणाचा वास आला. पडवीत चार खलाशी जेवत होते, टोपातून वाफ निघत होती. मला इतकं बरं वाटलं की मी चपला काढायला वाकलोसुद्धा. आंटीने मला पाहिलं. ती उठली, आतून एक रिकामा टोप घेऊन आली आणि माझ्यासमोरच्या पायरीवर पालथा घातला. खलाशांपैकी कोणीही मान वर केली नाही. मी चपला पुन्हा पायात घातल्या आणि काही न बोलता मागे फिरलो.