चौदावा फर्मा

छापखान्यात त्याला सगळे पुठ्ठेसाहेब म्हणत. साहेबपणाचं त्याच्याकडे काही नव्हतं. एक टोचा, एक सुरी, खळीचं भांडं आणि पुस्तकं बांधून बांधून राठ झालेली बोटं, एवढाच संसार. पण त्याने शिवलेलं पुस्तक पाच पिढ्यांनी आपटलं तरी पान हलायचं नाही, असं तो स्वतःच सांगायचा. आता पाच पिढ्या कोण बघायला जातंय!

घरी एक संच होता. पाच खंडांची मोठी अद्भुत कथा: उलटी वाहणारी नदी, तिच्यावरची नावाडीण आणि नावाडिणीची मुलगी. लेकीने तो वाचायला मागितला तेव्हा ती आठ वर्षांची होती, आणि तिची आई जाऊन सहा महिने झाले होते. आधी आपण चाळून पाहू म्हणून याने तिसरा खंड उघडला आणि हबकलाच. नावाडीण तापाने मरते. दिवसभर मुलीला हाका मारते, आणि मुलीला कोणी बोलावतच नाही.

इस्पितळात अगदी हेच झालं होतं. बायको सकाळपासून लेकीचं नाव घेत होती. ‘पोरगी घाबरेल, उद्या आणू,’ असं म्हणत याने तिला शाळेतून आणलंच नाही. उद्या काही आला नाही. लेकीला त्याने सांगितलं, आई झोपेतच गेली.

पुस्तकाची सोळा सोळा पानं एकत्र घडी करून शिवतात. त्या जुडीला फर्मा म्हणतात. मरणाचा सगळा भाग नेमका चौदाव्या फर्म्यात होता, पान दोनशे नऊ ते दोनशे चोवीस. त्याने शिवण उसवली, फर्मा काढला, पुस्तक पुन्हा शिवलं. पुढे दोन ठिकाणी त्या मरणाचा उल्लेख होता. ती पानं खळीने एकमेकांना चिकटवून टाकली. काम इतकं सफाईदार की त्याचा त्यालाच अभिमान वाटला. लाजही वाटली, पण नंतर.

लेक दर वर्षी पाचही खंड पुन्हा वाचायची. पहिल्यांदा फक्त नदी आणि राक्षस. दुसऱ्यांदा तिने शोधलं की पहिल्या खंडातला टोप्या विकणारा म्हणजेच पाचव्यातला राजा. एकदा म्हणाली, “बाबा, तो भित्रा पहारेकरी मला आवडायला लागलाय. आधी नुसता राग यायचा.”

“तेच ते काय वाचतेस गं?”

“तेच कुठे असतं? मी मोठी होते ना मधे.”

ती म्हणते म्हणून यानेही वाचलं, तेही सहा वेळा. भित्र्या पहारेकऱ्यापाशी मात्र तो दर वेळी भरभर पानं उलटायचा.

आता नात आठ वर्षांची झाली. लेकीने तिच्यासाठी नवा संच आणला; पाठ न शिवता नुसती गोंदाने चिकटवलेली, म्हणून बापाकडे बांधायला टाकला. पानांचे आकडे तेच होते. रविवारी सकाळी त्याने तिसरा खंड सुटा केला आणि दोनशे नऊवर हात थांबला. मायलेकी एकत्र वाचणार, म्हणजे आपली चोरी पकडली जाणार. एवढ्या वर्षांनी लेक काय म्हणेल? त्याने सोळा पानं बाजूला काढली.

“ती राहू दे, बाबा.”

लेक दारात उभी होती.

“मी बारा वर्षांची होते. आकडे मोजता येतात मला. दोनशे आठनंतर दोनशे पंचवीस. वाचनालयात जाऊन उरलेलं वाचून आले.”

त्याने पानं खाली ठेवली. “मग नंतरही दर वर्षी हीच प्रत का वाचायचीस?”

“आणि नेमकी तुझ्यासमोर बसून का वाचायचे? दोनशे आठपाशी थांबून तुझ्याकडे बघायचे. वाटायचं, या वर्षी तरी सांगेल.”

तो उठला. कपाटातल्या खालच्या खणातून त्याने तपकिरी कागदाची गुंडाळी काढली. जुना चौदावा फर्मा त्याने कधी टाकला नव्हता. “तुझ्या प्रतीत परत शिवून देऊ?”

“शिव. पण आधी सांग. आईने मला बोलावलं होतं?”

“सकाळपासून,” तो म्हणाला. “चार वाजेपर्यंत. चुकलं माझं.”

ती स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. “काय काय म्हणाली?” तिने विचारलं. “सगळं सांग. मग मी पुन्हा पहिल्यापासून विचारेन.”