कोपराखालचा हात

आमच्या शाळेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टना सगळे हातवाल्या बाईच म्हणायचे. मूळ शब्द उच्चारताना मुख्याध्यापकांचीही जीभ अडखळायची. ज्या मुलांना बटण लावणं, कात्री चालवणं, पेन्सिल धरणं जमत नाही, त्यांना बाई ते शिकवायच्या आणि अहवालाला फोटो जोडायच्या. "पानभर लिहा, कुणी वाचत नाही. फोटो मात्र बघतात," हे त्यांचं पालुपद. फोटोत चेहरा नको, दुसरं माणूस नको, फक्त मुलाचे हात, हा नियमही त्यांचाच.

मी तिथला कारकून. फोटो छापणं माझ्या गळ्यात. सात वर्षांच्या एका मुलीच्या फोटोत तिच्या कोपराखाली बाईंचा हात दिसत होता. नियमावर बोट ठेवून मी तो कापला. बाईंनी घाईत सही केली. उरली ती नीट धरलेली पेन्सिल आणि सरळ ओळ. 'आधार दिल्यावर' असं खाली लिहिलं होतं, पण वाचतो कोण? तास मंजूर करणाऱ्या समितीने फोटो बघितला आणि मुलीचे थेरपीचे तास बंद केले. अहवालाची एक प्रत तिच्या घरी गेली.

दोन महिन्यांनी तिची आई वही आपटत आली. "फोटोत कशी लिहिते बघा! भिंतीवर लावलाय मी. आता मुद्दाम करते, कामचुकार मेली." मुलगी मागे उभी होती, दोन्ही हात खिशात.

तेव्हापासून बाईंचं जेवणावरचं लक्षच उडालं. डबा उघडून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसायच्या. "तिच्या कोपराचं वजन अजून जाणवतं हो," म्हणाल्या. मी हसण्यावारी नेलं. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली होती. मी कापलेला तो हात मलाही प्रत्येक फोटोच्या कडेला दिसायचा.

शेवटी एका दुपारी अख्खा फोटो घेऊन बाई आणि मी त्या मुलीच्या घरी गेलो. कापलेला फोटो टीव्हीच्या वर, फ्रेममध्ये. त्याखाली मुलगी गृहपाठाला बसलेली.

बाईंनी अख्खा फोटो आईपुढे धरला. "हा माझा हात. तो काढला की तिचा हात खाली पडतो. चूक आमची, तिची नाही."

 आईने मुलीची बोटं हातात घेतली. पेरांवर वळ होते.

"मग मी हिला पट्टीने का मारत होते, बाई?"

 मुलगीच घाईघाईने म्हणाली, "आता नाही दुखत, आई."