न कापलेला हातखर्च

आपल्या पोटच्या पोरांना सुट्टीतल्या प्रवासात खर्चायला किती पैसे द्यावेत, या एका प्रश्नापायी ज्याचे जेवणावरून मन उडाले, वजन उतरले आणि एका वर्षी तर चक्क ताप चढला, असा माणूस अख्ख्या झाशीत एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा होता. मी त्यांना आतोबा म्हणत असे. इतर लोक मुलींची लग्ने, साहेबाची मर्जी, घराचे छप्पर असल्या किरकोळ काळज्या करीत; आतोबांना होळी आटोपली की मे महिन्यातल्या हातखर्चाची काळजी लागे. रेल्वेच्या पासावर प्रवास फुकट, धर्मशाळेत राहणे जवळजवळ फुकट, स्टोव्ह आणि डाळतांदूळ आत्याच्या ट्रंकेत. तेव्हा सहलीतला गहन प्रश्न तेवढा एकच उरतो, असे त्यांचे म्हणणे होते. कमी दिले तर पोर दुसऱ्याच्या हाताकडे बघायला शिकते, जास्त दिले तर उधळायला शिकते, आणि बरोबर आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी दडून बसलेला असतो, तो हुडकणे हे बापाचे काम, असे त्यांनी मी आठ वर्षांची असताना मला समजावून सांगितले होते. मला काही कळले नव्हते. पण त्यांचा चेहरा इतका खिन्न झाला होता की मी घाबरून मान हलवली.

तसा त्यांचा चेहरा एरवीही नुकतीच कोणाची तरी तार आल्यासारखाच असे. उंच, किडकिडीत अंगकाठी, पायजम्याला सायकलची क्लिप, आणि वरच्या खिशात दोन पेनं, त्यातले एक लाल. एप्रिलमध्ये ते संध्याकाळचे सदर बाजारात सायकल हातात धरून हिंडत आणि ओळखीच्या-बिनओळखीच्या माणसांना थांबवून विचारत, "भैया, बच्चों को बाहर ले जाते हो तो हाथखर्च कितना देते हो?" भाजीवाला विचारात पडे, न्हावी हसे. पंक्चरवाल्याने एकदा हात पुसत सांगितले, "बाबूजी, हम तो दो थप्पड़ देते हैं, उसी में पूरी यात्रा हो जाती है।" आतोबांनी हेही गंभीरपणे ऐकून घेतले. टहरौलीकडून येणारा त्यांचा दूधवाला म्हणाला, "हमाओ मोड़ा तो मेला में एक रुपैया लै कें जात, और सवा लै कें लौटत।" पोरगा एक रुपया घेऊन जातो आणि सवा घेऊन परततो, हे ऐकून आतोबांचा श्वासच अडकला. "वो कैसे?" त्यांनी विचारले. दूधवाला माप ओतत शांतपणे म्हणाला, "जौ हम पूछत नइयाँ।" म्हणजे ते आपण विचारतच नाही. त्या वरच्या चार आण्यांची चिंता आतोबांनी पुढे आठवडाभर केली.

अखेर त्यांना रस्ता सापडला तो त्यांच्या कचेरीतच. रेल्वेच्या हिशेबखात्यात ते दौऱ्यावर जाणाऱ्या लोकांची भत्त्याची बिले तपासत. मुक्कामापासून दूर सहा तासांच्या आत परतलात तर भत्त्याचे तीस टक्के, सहा ते बारा तास असाल तर सत्तर, त्याहून जास्त असाल तर पूर्ण, हा नियम त्यांच्या रक्तात भिनला होता. इतकी वर्षे इतक्या इन्स्पेक्टरांना जो पुरला, तो आपल्या दोन पोरांना का पुरू नये, असे त्यांना एके दिवशी वाटले, आणि शरद व मंगल या माझ्या आतेभावंडांचे बालपण संपले. पूर्ण दर दिवसाला दोन रुपये. बारा वर्षांखाली तिकीट अर्धे, म्हणून मंगलचा दरही अर्धा. रोज संध्याकाळी दोघांनी कचेरीच्या पाठकोऱ्या कागदावर बिल भरायचे: निघण्याची वेळ, परतण्याची वेळ, कामाचे स्वरूप, सही. शरदने पहिल्या वर्षी हरिद्वारला कामाच्या रकान्यात "गंगा" लिहिले, तर बिल लाल शेऱ्यासह परत आले, "गंगा हे काम नव्हे. तपशील द्यावा." शरदने "गंगेची पाहणी" असे लिहिल्यावर ते मंजूर झाले. आत्या कपाळावर हात मारून म्हणायची, "अहो, पोरं आहेत ती, गार्ड नाहीत!" त्यावर आतोबा म्हणत, "गार्डाला निदान शिट्टी मिळते, यांना तर नुसते पैसे मिळतात, म्हणून जास्त जपायला हवं." या उत्तराचा अर्थ घरात कोणालाही लागला नाही.

मी अकरा वर्षांची असताना थंडीत माझे वडील गेले. ते शाळामास्तर होते. ताप येऊन चार दिवसांत संपले. आई शिवणाच्या मशीनवर बसली आणि घरात बोलणे बंद झाले. मे महिना आला तेव्हा आत्या येऊन म्हणाली, "हिला आम्ही पुरीला नेतो. समुद्र बघेल तर पोरीचं मन रमेल." पासावर भाचीचे नाव चालत नाही, म्हणून आतोबांनी माझे अर्धे तिकीट पदरचे पैसे घालून काढले. मला समुद्राचे काही वाटत नव्हते. मला एवढेच हवे होते की महिनाभर तरी कुठल्या तरी घरात मी त्यांच्यातलीच एक असावी. मंगल माझ्याच वयाची, तिच्याशेजारी वरच्या बर्थवर झोपायचे, तिच्यासारखेच आत्याच्या शिव्या खायच्या, संध्याकाळी तिच्यासारखेच बिल भरायचे. बिल भरायची तर मी गाडीतच तालीम केली होती. कामाचे स्वरूप: सागराचे निरीक्षण. शरदने सांगितले होते की "पाहणी"पेक्षा "निरीक्षण" लवकर मंजूर होते.

पहिल्या संध्याकाळी धर्मशाळेच्या ओसरीवर आतोबा लाल पेन घेऊन बसले. शरदचे सत्तर टक्के, मंगलच्या अर्ध्याचे सत्तर टक्के. पैसे हातात पडताच दोघांनी एकमेकांकडे बघून जी तोंडे केली, त्या तोंडांत मला माझे तोंड मिसळायचे होते. मी माझा कागद पुढे केला. आतोबांनी तो वाचलाही नाही. खिशातून दोन करकरीत नोटा काढून माझ्या तळहातावर ठेवल्या आणि म्हणाले, "तू राहू दे, बेटा. तुला पूर्ण." स्वतःच्या लेकीला ते "ए मंगळे" म्हणत, मला बेटा. मी त्या नोटा धरून उभी राहिले. मंगल हिंदीत शरदला काहीतरी पुटपुटली आणि दोघे शहाळेवाल्याकडे निघून गेले.

तिसऱ्या दिवशी कोणार्कला गेलो. सकाळी आठला निघालेली बस भर उन्हात दीड वाजता परत आली. साडेपाच तास, म्हणजे तीस टक्के. शरदला हे बसमध्येच कळले होते. धर्मशाळेच्या फाटकाशी येताच त्याने मंगलचा हात धरला आणि म्हणाला, "अंदर मत जाना। आधा घंटा यहीं खड़े रहेंगे।" फाटकाच्या आत पाऊल पडले की परतण्याची वेळ ठरणार, हे त्या बिचाऱ्यांना पुरते ठाऊक होते. दोघे भाजत्या रस्त्यावर, डोक्यावर रुमाल टाकून, गंभीर चेहऱ्याने उभी राहिली. आत्या आतून ओरडत होती, आतोबा ओसरीवर घड्याळ काढून बसले होते आणि नियमात बसत असल्यामुळे काही बोलत नव्हते. मीही जाऊन मंगलच्या शेजारी उभी राहिले. पाय भाजत होते, पण मला त्या आठवड्यात पहिल्यांदाच बरे वाटत होते. मंगलने माझ्याकडे पाहिले. "तू क्यों खड़ी है?" ती म्हणाली. "तेरे तो वैसे भी पूरे आएँगे।" तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती फक्त खरे ते सांगत होती. तेवढ्यात आतोबा स्वतः छत्री घेऊन फाटकापर्यंत आले. आपल्या दोन लेकरांना त्यांनी उन्हातच राहू दिले, छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि म्हणाले, "चल बेटा आत, ऊन लागेल तुला." मी त्या छत्रीखालून चालत आत गेले. आयुष्यात मला इतके परके कधी वाटले नव्हते.

त्यानंतर मी नियम मोडायला लागले. बिल उशिरा दिले; माफ. बिल दिलेच नाही, माफ. दोन तास फिरून बारा तास लिहिले, जे शरदने केले असते तर आठवडाभराचा हातखर्च गेला असता. आतोबांनी माझ्या हस्ताक्षराची स्तुती केली. सगळे पैसे मी शंखशिंपल्यांच्या माळांवर आणि खाजा नावाच्या तिथल्या मिठाईवर उडवले आणि ते सगळे मंगल-शरदला वाटून टाकले, तर आतोबांना गहिवरून आले. पोर किती मनाने मोठी आहे, असे आत्याला सांगून त्यांनी मला वर एक रुपया दिला. खाजा खाताना मंगल मान खाली घालून बसली होती.

निघायच्या दिवशी सकाळी आतोबा ओसरीवर बांधाबांध करत असताना मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. मी म्हणाले, "आतोबा, माझेही कापा ना." होल्डॉलचा पट्टा त्यांच्या हातातून सुटला. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि अगदी हळू म्हणाले, "तुझे कापायला मी कोण गं, बेटा?"

झाशीपर्यंत मी खिडकीला डोके टेकून रडत होते. आत्याला वाटले, खाजा बाधला. तिने ओवा चारला.

पुढच्या मे महिन्यात मी आईला शिवणात मदत करायची आहे असे सांगून त्यांच्याबरोबर गेले नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आतोबा मात्र सहलीला निघाले की माझ्या नावाने रोजचे दोन रुपये असा पूर्ण हातखर्च पाकिटात घालून आईकडे पाठवून देत, आणि ते पाकीट आले की माझा दिवस वाईट जाई. मग आम्ही मोठे झालो. शरद भोपाळला गेला, मंगल नागपूरला दिली, मी ग्वाल्हेरला शाळेत लागले. ती दोघे भेटली की अजूनही त्या तीस टक्क्यांवरून, लाल शेऱ्यांवरून, कोणार्कच्या उन्हावरून हसून हसून लोळतात. मी हसते, पण मला सांगण्यासारखे काही नसते. माझ्या मनात वर्षानुवर्षे एक गाऱ्हाणे होते, आणि ते एकदा त्या माणसाच्या तोंडावर बोलून टाकायचे, असे मी ठरवून ठेवले होते.

आत्या गेल्यावर आतोबा फार थकले. शरद नेत असूनही भोपाळला जाईनात. एका रविवारी मी मुद्दाम त्यासाठीच झाशीला उतरले. वाक्ये पाठ केली होती: तुम्ही मला सगळे दिलेत, फक्त तुमच्या पोरांइतके कठोर झाला नाहीत, आणि मला तेवढेच हवे होते. दुपारची वेळ होती. कूलर खडखडत होता, आतोबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. मला पाहून त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. चहा झाला. मी म्हणाले, "आतोबा, तुम्हाला एक सांगायचं होतं. पुरीचं."

"पुरी!" ते एकदम म्हणाले. "शरदचे कापले. मंगळीचे कापले. उन्हात उभी राहिली बिचारी. तुझा एक पैसा कापला नाही. आठवतं ना तुला?"

मी काही बोलायच्या आतच ते पुढे बोलू लागले. ते स्वतः भुसावळकडे काकांच्या घरी वाढलेले पोर, आईबाप नसलेले. काकांनी आपल्या तिघांना जत्रेला नेले तेव्हा यालाही नेले. तिघांना दोन-दोन आणे दिले, याला एक दिला, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, याला कशाला जास्त, याचं कोण आहे विचारणारं. "जिलबी एक आण्यालाच होती गं," आतोबा म्हणाले. "म्हणजे काही अडलं नव्हतं. पण ती मी खाऊ शकलो नाही. हातातच राहिली. तेव्हा ठरवलं, आपल्या हाताखाली कधी बिनबापाचं पोर आलं तर त्याचं काही म्हणजे काही कापायचं नाही. मग माझी दोन उपाशी राहिली तरी चालतील." त्यांचा श्वास लागला होता. "आयुष्यात बाकी काय केलं मी? दुसऱ्यांची बिलं कापली. हे एक मात्र बरोबर जमलं, नाही का?"

सत्तरी उलटलेला तो म्हातारा उत्तराची वाट बघत माझ्या तोंडाकडे बघत होता, एखाद्या पोराने बिल पुढे करून बघावे तसा. पाठ केलेली वाक्ये माझ्या जिभेवर होती.

"बरोबर जमलं, आतोबा," मी म्हणाले.

"आणि तू काय सांगणार होतीस?"

"हेच. तुम्ही माझं कधी कापलं नाहीत, ते."

ते हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले, आणि लगेच त्यांना झोप लागली. मी उठून कूलरमध्ये पाणी भरले, चहाच्या कपबशा विसळून ठेवल्या आणि दार लोटून घेतले. त्याच वर्षी थंडीत ते गेले. गाऱ्हाणे अजून आहे, नाही असे कसे म्हणू. पण आता त्याच्यासोबत जत्रेत जिलबी हातात धरून उभा असलेला एक मुलगा दिसतो, आणि मग मला फार वेळ रागावता येत नाही.