रुंद टायर आणि एक ‘नाही’

हे मी कधी कोणाजवळ बोलले नाही. नणंदेला अर्धं ठाऊक होतं, ते अर्धं घेऊन ती गेली. उरलेलं अर्धं माझ्याजवळच राहिलं. ते लाजेचं आहे, पण सांगायला बसले की आधी हसूच येतं — आता याला काय म्हणावं?

माझे यजमान अमरावतीला वकील. सगळे त्यांना बापूसाहेब म्हणत. एक इंग्रज अधिकारी विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याची लाल मोटार ह्यांनी घेतली. दोनच माणसांची, बिनटपाची, तारांच्या चाकांची. अख्ख्या वऱ्हाडात तशी दुसरी नसावी. अकोल्याच्या एका दलाल मित्राशी ह्यांची पैज लागली — रविवारी सकाळी अमरावतीहून निघायचं, अकोल्याला आधी पोचेल तो जिंकला, हरेल त्याने सगळ्यांना हुरडा खाऊ घालायचा. झालं! पैजेसाठी ह्यांनी मुंबईहून शर्यतीचे टायर मागवले. मूळच्या टायरांपेक्षा चांगले दीडपट रुंद. चाकं मात्र तीच, जुनी.

टायर बसवायला याकूब मिस्त्री आला. कापूस बाजाराजवळ त्याचं दुकान होतं. गावातल्या मोजक्या मोटारी त्याच्याच हाताखालून जात. दिवसभर तो पहारीने त्या टायरांशी झुंजला. पुढची चाकं वळवली की टायर मडगार्डला घासायचे, म्हणून त्याने मडगार्डची कड ठोकून आत घेतली. बसले एकदाचे — पण कसे? लहानशा पाटावर जाडजूड पाहुणा बसावा तसे.

“वकीलसाब,” तो म्हणाला, “टायर चढून तं गेलं, पन रिम लहान हाय. हवा कमी होऊ देऊ नका, अन् वळनावर जोरात कापू नका. उतरून जाईन ते. पैजेच्या आधी मी एकडाव येऊन पाहून जातो.”

हे सगळं मी दारात उभी राहून ऐकलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

आता हेही सांगून टाकते — मला मोटार चालवता यायची. मी तेल्हाऱ्याची, लहानपणी वडिलांची दमणी हाकलेली, बैलांच्या शेपट्या पिळलेल्या. बापूसाहेबांचे हातपाय कुठे काय करतात ते शेजारी बसून मी महिनाभर पाहत होते. त्यांना वाटे, बायको रस्ता पाहते आहे!

शुक्रवारी ते एका दाव्यासाठी रेल्वेने अकोल्याला गेले, शनिवारी संध्याकाळी परतायचे होते. दुपारी मी नणंदेला, कमलला, म्हटलं, “चल.” कुठे ते तिने विचारलंही नाही. सतरा वर्षांची पोर ती, पदर खोचून गाडीत जाऊन बसली.

बडनेऱ्याचा रस्ता. दोन्हीकडे फुटलेला कापूस. काय सांगू तुम्हाला! पहिला मैल मी जीव मुठीत धरून काढला, आणि मग — मग ती गाडी माझी झाली. वारा तोंडात शिरत होता. अंबाडा सुटला. शेतातली माणसं कमरेवर हात ठेवून बघत राहिली. कमल ओरडत होती, “वयनी, आनखी जोरात न! आनखी!” आणि मी, वकिलाची बायको, मोठमोठ्याने हसत होते. असं मी त्याआधी कधी हसले होते का? त्यानंतर तरी?

परतताना एक वळण आलं. याकूबचं सांगणं आठवलं मला — खरंच आठवलं. तरी वेग कमी केला नाही. पुढचं डावं चाक वाकडंतिकडं डुललं, टायर रिमवरून उतरला आणि आम्ही दोघी मोटारीसकट कापसात.

लागलं कोणालाच नाही. कापूस वेचणाऱ्या बाया धावत आल्या, मागून एक म्हातारा. “बाई, हे तुमीच चालवून राहिल्या होत्या का?” त्याने विचारलं. मी मान हलवली तशा बाया जे हसत सुटल्या! त्यांनी गाडी उचलून धरली, म्हाताऱ्याने पहार घालून टायर परत चढवला, मी हातपंपाने हवा भरली. कमल पंपाचे झटके मोजत होती आणि हसण्यात मोजणं विसरत होती. निघताना एक बाई म्हणाली, “मले बी बसवा एखाद्या वक्ती.”

घरी येऊन गाडी धुतली, तेव्हा मला दिसलं. टायरच्या आतल्या बाजूला बोटभर चीर. कमलला मी दाखवली नाही. गाडी वीतभर पुढे ढकलली — चीर खाली गेली.

शनिवारी सकाळी याकूब आला. कबूल केल्याप्रमाणे, हवा आणि टायर पाहायला. माझ्या बोटांचं काळं अजून निघालं नव्हतं. मी हात पदराखाली घेतले. म्हटलं, “साहेब घरी नाहीत. गाडी ठीक आहे, पाहायची गरज नाही.”

“मंग सायबाले सांगा, मी येऊन गेलो,” म्हणून तो गेला.

सांगितलं नाही. रविवारी बापूसाहेब गॉगल चढवून निघाले, मी त्यांना ओवाळलं. चिरलेल्या टायरवर बसून नवरा चालला आहे हे ठाऊक असून ओवाळलं. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. बोलले असते तर शुक्रवारचे ते दहा मैल सांगावे लागले असते, आणि मोटारीची किल्ली कायमची कुलपात गेली असती.

अकोला चार-पाच मैलांवर असताना टायर फुटला. बापूसाहेब पुढे होते, जिंकतच होते. गाडी बाभळीवर गेली, ते उडून ज्वारीत पडले. भुवईवर दोन टाके, बाकी काही नाही. एका बैलबंडीत कापसाच्या ढिगावर बसून ते अकोल्यात शिरले, लोकांना हात हलवत!

दोन दिवसांनी याकूब घरी आला. बापूसाहेब रागावलेले कमी, दुखावलेले जास्त. “निदान आदल्या दिवशी येऊन पाहून तरी जायचं होतंस!”

“आलो होतो न साब, शनवारी. बाईले पुसा.”

ते माझ्याकडे वळले. “आला होता का गं?”

“नाही,” मी म्हणाले. “कोणी नाही आलं.”

याकूबने माझ्याकडे पाहिलं. हातातल्या चिंधीला हात पुसत राहिला. मग म्हणाला, “मंग माह्याच ध्यानात चूक असंन, साब.”

बापूसाहेबांनी ती गोष्ट पुढे कुठे सांगितली नाही? क्लबात, लग्नात, हुरड्याला — ज्वारी, बंडी आणि “तो आमचा विसरभोळा मिस्त्री”. लोक पोट धरून हसत. मीही हसत असे. गावातल्या मोटारी एकेक करून दुसऱ्या दुकानात जाऊ लागल्या. वर्षभरात याकूबने दुकान बंद केलं आणि अकोल्याला सरकी काढायच्या एका जिनात यंत्रांवर कामाला लागला.

खूप वर्षांनी अकोल्यात तो भेटला. दाढी पांढरी. बापूसाहेब पलीकडे पान घेत होते. त्याने माझी, मुलांची खुशाली विचारली, आणि मग आवाज बारीक करून म्हणाला, “बाई, गाडी चालवता का आता?”

म्हणजे ठाऊक होतं त्याला. पहिल्यापासून.

“कधी कधी,” मी म्हणाले. तो मनापासून हसला. मलाही हसू आलं — बडनेऱ्याच्या रस्त्यावरचं तेच हसू. आता सांगावं, अगदी आता, असं मनात आलं. बापूसाहेब दहा पावलांवर होते. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

ते पान चघळत आले, त्याच्याकडे पाहून म्हणाले, “अरे, हा तर आमचा विसरभोळा!”

याकूबने सलाम केला. मी पदर सावरला आणि टांग्यात चढले.